चिप्सच्या पाकिटांचा शालू

शाळेजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट मिळतं. कोऱ्या करकरीत काड्या, कुणाच्याही जिभेला न लागलेल्या. आइस्क्रीमशी त्यांचा संबंध कधी आलेला नसतो आणि येणारही नसतो. त्यांचा जन्मच मुळी ‘टाकाऊतून टिकाऊ’ या शालेय उपक्रमासाठी झालेला असतो. बाई वर्गात सांगतात, “उद्या घरातली एक टाकाऊ वस्तू आणा,” आणि रात्री साडेनऊला घरोघर शोध सुरू होतो. टाकाऊ वस्तू घरात भरपूर असतात, पण बाईंसमोर नेण्यासारखी त्यात एकही नसते. मग बाबा स्कूटर काढतात, अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून दुकानात शिरतात आणि काड्या, गोंद, चमकी, रंग असा दोनशे रुपयांचा टाकाऊ माल घेऊन येतात. त्याचा पेनस्टँड होतो. त्याला ‘छान’ असा शेरा मिळतो. दिवाळीच्या साफसफाईत तो टिकाऊ पेनस्टँड टाकला जातो.

या संस्कारांत वाढलेली पिढी आता सोसायट्यांच्या कमिट्यांवर बसली आहे. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत तिने यंदा गणपतीतली पाककृती स्पर्धा रद्द करून ‘कचऱ्यातून फॅशन’ हा कार्यक्रम ठेवला. उपभोगवादाला जाब विचारायचा, असं सूचनेत लिहिलं होतं. वेशभूषा किमान ऐंशी टक्के कचऱ्याची असावी, उरलेले वीस टक्के लज्जारक्षणासाठी.

लगेच शंका आल्या. ऐंशी टक्के वजनाने की क्षेत्रफळाने? कचरा स्वतःच्याच घरचा हवा की माहेरचा चालेल? बी विंगमधल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारलं की ‘कचरा’ या शब्दाने कमिटीला नक्की काय अभिप्रेत आहे, कारण त्यांच्या मते गेल्या वर्षीचा जमाखर्चही त्यात बसू शकतो. त्यांना ग्रुपवरून काढण्यात आलं. मग देणगी अजून यायची आहे हे लक्षात आल्यावर परत घेण्यात आलं.

पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी चिप्सच्या पाकिटांचा शालू करायचं ठरवलं. पाकीट उलटं केलं की आतली बाजू चांदीसारखी लखलखते, ती त्यांच्या मनात भरली होती. त्यांचे यजमान इंजिनियर. त्यांनी हिशेब मांडला: सहावारीला निऱ्या धरून दीडशे पाकिटं, पदर भरजरी हवा असेल तर पावणेदोनशे. घरात वर्षभर रिकामी झालेली पाकिटं केव्हाच घंटागाडीतून रवाना झाली होती. कचरा होता तेव्हा स्पर्धा नव्हती आणि स्पर्धा आली तेव्हा कचरा नव्हता. मग घाऊक दुकानातून पाच रुपयेवाल्या पाकिटांच्या माळा आल्या. पाकिटं कात्रीने उभी कापून चिप्स पिंपात जमा होऊ लागले. सुरुवातीला मुलं खूश होती. नंतर डब्यात पोळीबरोबर चिप्सची रस्सा भाजी जायला लागली. वॉचमनला रोज एक पिशवी मिळत असे. त्याने शेवटी हात जोडले आणि ड्यूटी मागच्या गेटवर बदलून घेतली.

पहिल्या मजल्यावरच्या कॉलेजकन्येला वर्तमानपत्राचा गाऊन करायचा होता. त्यांच्याकडे पेपर मोबाइलवर वाचतात, त्यामुळे रद्दी नाही. रद्दीवाल्याने आपण देतो त्याच्या दुप्पट भाव सांगितला आणि वर विचारलं, “इंग्लिश देऊ की मराठी? इंग्लिशचा कागद गुळगुळीत आहे, घोळ चांगला पडेल.” मुलगी अभ्यासू होती. १९३५ साली पॅरिसमध्ये एल्सा स्कियापारेल्ली या फॅशनवाल्या बाईंनी स्वतःबद्दल छापून आलेली बरीवाईट कात्रणं जुळवून तसं कापडच छापून घेतलं होतं, हे तिला माहीत होतं. पण तिच्याबद्दल अजून काहीच छापून आलेलं नसल्याने तिने राशिभविष्यावर भागवलं. कन्या रास बरोबर पाठीवर आली.

एक गृहस्थ कुरियरच्या खोक्यांचं चिलखत घालून आले. त्यांना काहीही विकत आणावं लागलं नाही. त्यांच्या दाराबाहेर खोक्यांचा डोंगर बारमाही असतो. बबलरॅपचं उपरणं त्यांनी खांद्यावर टाकलं होतं आणि प्रेक्षकांतली मुलं जाता-येता ते फोडत होती. माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक प्रवेशिका मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेची. तिने सासऱ्यांच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या गुंफून ठुशी, कमरपट्टा आणि बाजूबंद केले होते. ठुशीत रक्तदाब, कमरपट्ट्यात मधुमेह, बाजूबंदात पित्त. समोर बसलेल्या केमिस्टने पाहताक्षणी सांगितलं की बाबांचा डोस मार्चमध्ये वाढलाय.

परीक्षकबाईंचं स्वागत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पुष्पगुच्छाने झालं. मागे ‘प्लॅस्टिकमुक्त सोसायटी’ असा दहा फुटी फ्लेक्स होता. शालू चालू लागला तेव्हा असा काही चुरचुराट झाला की ध्वनिक्षेपकावरचं निवेदन ऐकू येईना. चिलखतवाल्यांना बसता येत नव्हतं म्हणून त्यांनी पूर्ण कार्यक्रम उभ्याने पाहिला. शालूला पहिलं बक्षीस मिळालं: एक डिनर सेट, थर्माकोलमध्ये नीट बसवलेला.

दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली आणि खरा परीक्षक उतरला. त्याने शालू उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, “हे ओलं की सुकं?” कुणालाच सांगता येईना. पाकिटं होती, त्याला गरम गोंद होता, अस्तराला कापड होतं, काठाला चमकी होती, पदराला चिकटलेला चिप्सचा चुराही होता. इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगून टाकतो. पेपर नुसता असला तर रद्दीवाला घेतो, पुठ्ठा घेतो, बाटली तर पळवतो. पण त्याच पेपरला गोंद, चमकी आणि प्लॅस्टिकची लेस लागली की जगातला कुठलाही कारखाना त्याला हात लावत नाही. काल ज्याला किलोवर भाव होता, त्याला आज उकिरड्याशिवाय जागा नाही. कचऱ्याबद्दल जागृती करताना आपण चांगल्या कचऱ्याची माती करतो, याची कुणाला जागृती नसते.

आणि चिप्सच्या पाकिटाला तर आधीपासूनच कुणी विचारत नाही. प्लॅस्टिकचे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा, हे पुन्हा वेगळं करणं परवडत नाही. त्यामुळे कचरा वेचणाऱ्या बायका उन्हातान्हात बाटली उचलतात, पाकीट ओलांडून पुढे जातात. त्या भाव पाहून काम करतात. पुण्यात ‘रीचरखा’ नावाच्या उपक्रमात मात्र असली पाकिटं आणि पिशव्या धुऊन, वाळवून, पट्ट्या कापून चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणून त्यांच्या पर्सा करतात. तिथे गोंद नाही, चमकी नाही आणि मुख्य म्हणजे चिप्स आधी दुसऱ्यांनी खाल्लेले असतात. त्या पर्सा मी पाहिल्या आहेत. देखण्या असतात. पर्स पाहून आमच्या घरी विचारणा झाली, “ही कचऱ्याची आहे, मग एवढी महाग का?” धुणं, वाळवणं, कापणं, विणणं हे सगळं माणसं हाताने करतात आणि त्यांना पगार द्यावा लागतो, हे उत्तर कुणाला फारसं पटलं नाही. कचऱ्याची म्हटल्यावर ती फुकट हवी, असा आपला साधा हिशेब आहे.

परदेशात हिशेब उलटा आहे. तिथे कचऱ्याचं म्हटलं की किंमत चढते. २०२२ साली बालेंसियागा या कंपनीने कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी पिशवी बाजारात आणली. तोंडाला ओढायची दोरी, अंगावर चुण्या, थेट आपल्या डस्टबिनमधून उचलल्यासारखी. किंमत १,७९० डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण एक लाख चाळीस हजार रुपये. आणि ही पिशवी कचऱ्यापासून केलेली होती का? छे. वासराच्या कोऱ्या चामड्याची होती. आमच्या वहिनींनी कचऱ्याचा शालू केला, यांनी शालूच्या भावात कचरा केला. मोस्किनो या इटालियन कंपनीने २०१७ साली ड्रायक्लीनरकडून कपडे येतात त्या पातळ प्लॅस्टिकच्या आवरणासारखा झगा विकायला काढला होता, साधारण सातशे पस्तीस डॉलरला. आपल्याकडे ते आवरण इस्त्रीवाला फुकट देतो, तरी आपण त्याला म्हणतो, “पिशवी नको रे.”

त्याआधी, जानेवारी २००० मध्ये, जॉन गॅलियानोने पॅरिसमधल्या डिओरच्या शोमध्ये बेघर माणसांवरून कपडे बेतले होते. फाटके झगे, ठिगळं, कमरेला लटकणाऱ्या छोट्या बाटल्या. लोकांनी पॅरिसमध्ये निदर्शनं केली आणि मला तरी ती योग्य वाटतात. रस्त्यावर झोपणाऱ्याच्या अंगावरचं फाटकं कापड ही त्याची अभिरुची नसते.

सगळेच असे नाहीत. मार्टिन मार्जेला या बेल्जियन माणसापुढे मात्र मी हात जोडतो. १९८९ साली त्याने फुटक्या चिनीमातीच्या बशा तारेने जोडून जाकीट केलं. पुढे जुने लष्करी मोजे उसवून, जोडून स्वेटर केले आणि मोज्याची टाच नेमकी कोपरावर आणली. टाचेचा भाग वाकण्यासाठीच विणलेला असतो, मग तो कोपराला का चालू नये? हे सुचायला डोकं लागतं. अर्थात हा माणूस आमच्या आजीच्या घरात जन्मला असता तर त्याची मुलाखत कुणी घेतली नसती. “बरं झालं, आता उरलेल्या बोटांकडच्या भागाची बटव्याला नाडी कर,” एवढंच ऐकावं लागलं असतं.

दुसऱ्या टोकाला बर्बेरी. या ब्रिटिश कंपनीने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला, हे २०१८ मध्ये तिच्याच अहवालातून बाहेर आलं. सवलतीत विकला तर कुणीही घालेल आणि ब्रँडचा तोरा उतरेल, ही भीती. ओरड झाल्यावर कंपनीने ही पद्धत बंद केली. पण कल्पना करा, कोरा कोट, घडी न मोडलेला, बटणंसुद्धा जागेवर, आणि तो नाहीसा करायचा! आमच्या आजीने या बातमीवर विश्वासच ठेवला नसता. तिच्या मते कापड मरतच नसे. ते फक्त खालच्या पदावर जात असे.

ही पदावनती मी डोळ्यांनी पाहिली आहे. नऊवारी लुगडं नवं असताना सणावारी. मग घरात. मधोमध विरलं की विरलेला पट्टा काढून टाकून दोन्ही धडके भाग जोडायचे, याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी काही वर्षं चाले. मग त्याची पाळी संपली की मऊसूत झालेल्या भागातून बाळाची झबली, टोपडी, दुपटी निघत. नव्या कापडाचं झबलं बाळाला टोचतं म्हणून जुन्याला मान होता. दुपट्यानंतर गोधडी. गोधडीत न बसलेल्या तुकड्यांतून लोणच्याच्या बरणीचा दादरा, ओट्यावरचं फडकं, पातेलं उतरवायची चिंधी. फडकं काळं पडलं की पोतेरं. पोतेऱ्याच्याही खाली एक पद होतं: सायकलची साखळी पुसणं. आजोबांच्या शर्टाची कॉलर झिजली की शिंप्याकडून ती उलटवून घ्यायची, म्हणजे शर्टाला दुसरं तारुण्य येई. त्या घरात माणसं निवृत्त होत, कपडे नाही.

यात पर्यावरणप्रेम शोधू नका. आजीने पृथ्वीसाठी काहीही केलं नाही. तिने दुसऱ्या महायुद्धातलं कंट्रोलचं कापड पाहिलं होतं, रांगा पाहिल्या होत्या, आणि कापड महाग होतं, बस. गोधडीत मायेची ऊब वगैरे असते हे गोधडी न शिवणाऱ्यांनी लिहिलं आहे. शिवणारीच्या बोटाला सुई टोचायची, धावदोरा घालून मान आखडायची, आणि दुपारची एवढीशी झोप जायची. आज तीच गोधडी शहरातल्या दुकानात चार आकडी किमतीला मिळते आणि तिच्यावर ‘हाताने शिवलेली’ असं कौतुकाने लिहिलेलं असतं. आजीला हाताशिवाय दुसरा पर्यायच नव्हता.

‘श्यामची आई’ चित्रपटातलं द्रौपदीचं गाणं आठवा. कृष्णाचं बोट कापलं, चिंधी हवी होती. सुभद्रेला घरात चिंधी सापडेना आणि भरजरी वस्त्र फाडायचा तिला धीर होईना. द्रौपदीने मात्र पीतांबर फाडून दिला. चित्रपट १९५३ सालचा. तेव्हापासून सुभद्रेला नावं ठेवली जात आहेत. मला तिची बाजू पटायला लागली आहे. तिच्या घरात खरोखरच चिंधी नसणार. एवढा वैभवाचा महाल, प्रत्येक कपाटात शालू आणि पैठण्या, चिंधी येणार कुठून? चिंधीला कापड जुनं व्हावं लागतं.

आता प्रत्येक फ्लॅटची द्वारका झाली आहे. कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात, पण बाइक पुसायला एक चिंधी मिळत नाही. जे मिळतं ते पॉलिस्टर. ते पाणी शोषत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतं. मग आम्ही ऑनलाइन ‘मायक्रोफायबर क्लॉथ’ मागवतो. म्हणजे चिंधी विकत घेतो. ती प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट खोक्यात, खोक्यात फुगवलेल्या पिशव्या, असं सगळं लवाजम्यासह घरी येतं.

गंमत पुढे आहे. आपला देश चिंध्या आयातही करतो. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, पण तिथे रोज कोट-स्वेटरांचं पानिपत होत असतं. युरोप-अमेरिकेत टाकलेले लोकरी कपडे जहाजाने येतात. धडधाकट जुना कपडा आणून इथे विकायला बंधनं आहेत, म्हणून आधी त्यावर कात्री चालवून तो ‘निकामी’ करतात. मग बटणं, चेन, लेबलं काढून, रंगानुसार ढीग लावून, पिंजून त्याचा पुन्हा धागा होतो आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. भूकंप-पूर आले की मदतीत वाटतात ती बरीचशी हीच. मेघना गुप्ता यांचा ‘अनरॅव्हल’ नावाचा २०१२ सालचा लघुपट यावर आहे. त्यात कपडे कापणाऱ्या बायकांना प्रश्न पडतो, हे लोक इतके नवे कपडे का टाकतात? तर्क निघतो की तिकडे पाणी फार महाग असणार, धुणं परवडत नसेल. मी त्या तर्कावर बराच वेळ विचार केला. त्याहून जास्त समंजस कारण मला काही सापडलं नाही.

जे पानिपतला जात नाही ते घानाच्या अक्रा शहरात कांतामांतो बाजारात जातं. तिथे त्याला ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’ अशा अर्थाचं नाव आहे, कारण जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकेल हे सुरुवातीला कुणाला खरंच वाटलं नाही. आणि काही थेट चिलीच्या अटाकामा वाळवंटात. इकीके बंदरात जहाजं रिकामी होतात, विकलं न गेलेलं सामान वाळूत टाकून देतात. २०२४ साली काही कार्यकर्त्यांनी त्याच ढिगाऱ्यांमध्ये रॅम्प मांडून फॅशन शो केला, त्याच कपड्यांचे पोशाख करून. याला मी दाद देतो. निदान कचरा घाऊक दुकानातून आणावा लागला नाही.

आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. रॉब ग्रीनफील्ड. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये याने महिनाभर सरासरी अमेरिकन माणसासारखं खाल्लं, प्यायलं, खरेदी केली, आणि जो कचरा झाला तो फेकला नाही, अंगावर घातला. पारदर्शक प्लॅस्टिकचे मोठाले खिसे असलेला खास सूट, त्यात रोजचे कागदी पेले, खोकी, पिशव्या. सरासरी अमेरिकन माणसाचा कचरा दिवसाला साधारण दोन किलो, त्यामुळे गडी दिवसागणिक रुंद होत गेला आणि रस्त्याने लटपटत चालायला लागला.

हा प्रयोग तीसेक वर्षांपूर्वी सदाशिव पेठेत केला असता तर फसला असता. दुधाची पिशवी कोपरा कापून, आतून पाण्याने विसळून, ओट्याच्या टाइल्सवर चिकटवून वाळवायची आणि महिन्याने विकायची. ते विसळलेलं दुधाळ पाणी चहात. मिठाईचं खोकं बटणांना. पेढ्यांचा दोरा गुंडाळून रिळाला. भेटवस्तूचा कागद न फाडता, चिकटपट्टी सोडवून गादीखाली. महिनाअखेरीस तो सूट जसाच्या तसा सपाट राहिला असता, आणि सूट शिवायचं प्लॅस्टिक कशाला वाया घालवलंत, म्हणून ग्रीनफील्ड साहेबांना दोन शब्द ऐकावे लागले असते. आता तिथेही दहा मिनिटांत कोथिंबीर घरी येते. कोथिंबीर एका पिशवीत, मिरची दुसऱ्या, लिंबू तिसऱ्या. साहेबांनी आता यायला हरकत नाही.

सरकारनेही कचरा अंगावर घेतला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान संसदेत प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या कापडाचं निळं जाकीट घालून आले होते. त्याआधी २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकात आपल्या संघाच्या एका गणवेशाला सरासरी तेहतीस बाटल्या लागल्या, असं बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं. म्हणजे मैदानात अकरा जण नव्हे, तीनशे त्रेसष्ट बाटल्या क्षेत्ररक्षण करत होत्या. कुरकुर एवढीच आहे की बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, पुन्हा पुन्हा होऊ शकते. तिचा सदरा झाला की बहुतेक वेळा पुढचा रस्ता बंद. शिवाय तो धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. बाटली नदीत दिसते तरी. सदरा गुपचूप जातो.

खरं तर महाराष्ट्राला बाटल्यांकडे बघायची गरजच नाही. आपल्याकडे फ्लेक्स आहे. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकच्या फ्रायटाग बंधूंनी १९९३ साली जुन्या ट्रकच्या ताडपत्र्यांपासून पिशव्या करायला सुरुवात केली. पट्टा मोटारीच्या सीटबेल्टचा, कडा सायकलच्या ट्यूबच्या. आज जगभरचे लोक त्या वीस-वीस हजार रुपये देऊन खांद्याला अडकवतात. आपल्या ट्रकवरची ताडपत्री इतक्या सहजासहजी मोकळी होत नाही. ती ट्रकवरून उतरली की कांद्याच्या चाळीवर चढते, तिथून झोपडीच्या पत्र्यावर. पण वाढदिवसाचे फ्लेक्स! एका चौकात एका रात्रीत एका जाकीट-कारखान्याचा माल लागतो. तो जलरोधक असतो, रंगीत असतो, आणि दर आठवड्याला ताजा येतो. पाठीवर साहेबांचा गॉगल, एका बाहीवर ‘भावी’, दुसऱ्या बाहीवर ‘आमदार’, खिशाच्या झाकणावर शुभेच्छुकांचे अंगठ्याएवढे फोटो. पॅरिसच्या रॅम्पवर हे जाकीट गेलं तर तिकडचे समीक्षक उभे राहतील. एकच अडचण आहे: साहेबांच्या चेहऱ्यावर कात्री चालवणारा शिंपी मिळायला हवा.

या सगळ्यात जुन्या कपड्यांची खरी जाणकार म्हणजे बोहारीण. तिला ना रॅम्पचं अप्रूप, ना पृथ्वीची काळजी. स्टीलची पातेली आणि प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊन ती अजूनही आमच्या गेटबाहेर बसते. आत सोडत नाहीत म्हणून बाहेर. परवा शेजारच्या काकू तिच्यासमोर गाठोडं घेऊन बसल्या होत्या. तिने आधी मुलाची जीन्स उचलली, उजेडात धरली. दोन्ही गुडघ्यांतून पलीकडचा रिक्षा स्टँड दिसत होता.

“ताई, ही फाटकी हाय.”

“अगं, तशीच आणलीय. तीन हजारांची आहे. फॅशन आहे ती.”

“फॅशन आसंल. पन गिऱ्हाईक मला धड पँट मागतं.” आणि जीन्स डाव्या ढिगात गेली.

मग टी-शर्ट निघाले. मॅरेथॉनचे, कंपनीच्या स्नेहमेळाव्याचे, मंडळाचे. एकावर हिरवं झाड होतं आणि खाली ‘वसुंधरा वाचवा’. तिने कापड चिमटीत धरून चोळलं. “हे नगं. घाम जिरत नाय. आन् असली माझ्याकडं पोतंभर पडल्यात, कुनी घेत नाय.” सगळे डावीकडे. काकूंच्या यजमानांचे दोन सुती शर्ट निघाले. ते न बोलता उजवीकडे गेले. शेवटी तळातून सासूबाईंची एक जुनी सुती साडी निघाली, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. बोहारीण पहिल्यांदा सरसावून बसली. घडी उलगडली, काठ तपासला, गालाला लावून पाहिली. “आशा आजून हायत का?”

“ही एकच राहिलीय.”

तिने ढिगातून सगळ्यात मोठं पातेलं काढून पुढे सरकवलं.

काकूंनी ते बोटाने टणकन वाजवून पाहिलं. “आणि झाकण?”

“झाकनाला आजून दोन पँटी लागतील, ताई. फाटक्या नगंत.”